नक्कल करणारा प्रत्येक जण चोर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गाण्यांच्या चोरीवर लेख आला आणि त्यावर वाचकांची पत्रंही आली. एका पत्रलेखकाच्या मते गाणी फुकट उतरवून घेणारी सगळी पिढीच चोर आहे आणि तिला नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाशिवाय दुसरी भाषा कळत नाही. दुसरे म्हणतात, कंपन्या गब्बर आहेत, त्यांचं थोडं गेलं तर बिघडलं कुठं. दोघांनीही गाणी विकून संसार केलेला दिसत नाही. मी केला आहे. बार्शीत एसटी स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान होतं. 1986 साली सुरू केलं, 2009 मध्ये आवरतं घेतलं. आता त्याच गाळ्यात मुलाचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. चोरीच्या मालानं माझ्या पोटावर पाय आला होता, त्यामुळे चोरांची बाजू घेण्याचं मला काही कारण नाही.

डुप्लिकेट कॅसेट मी हातात घेतल्याबरोबर ओळखायचो. वरचा कागद रंगीत झेरॉक्ससारखा विटका असायचा आणि गायकाच्या नावात हमखास एखादी वेलांटी चुकलेली. अस्सल कॅसेट सहसा पाच बारीक स्क्रूंनी जोडलेली असायची, नकलीची खोकी बहुतेक डिंकानं चिकटवलेली. आत फीत जिथे हेडला लागते तिथे पत्र्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा तुकडा असतो, तो नकलीत पातळ असायचा, नाहीतर तिरका बसवलेला. त्यामुळे आवाज घोगरा यायचा आणि महिनाभरात फीत टेपमध्ये गुंडाळायची. मग गिऱ्हाईक पेन्सिल घालून ती सोडवत माझ्याकडे यायचं आणि शिव्या खायची कंपनी. माझ्या दुकानासमोरच्या फूटपाथवर हा माल उघड विकला जायचा. दुसऱ्याच्या घामावर तो माणूस नफा कमवत होता. गायकाला त्यातला पैसा जात नव्हता, गीतकाराला नाही, मलाही नाही. ही चोरी आहे. याबद्दल माझं मत तेव्हा जे होतं तेच आज आहे.

पण त्या माणसाचा धंदा पोलिसांनी बसवला नाही. धाड पडायची, दोन पोती माल जायचा, तिसऱ्या दिवशी चादर पुन्हा अंथरलेली. त्याला खरा दणका दिला तो स्वस्त अस्सल मालानं. टी-सीरिजनं एचएमव्हीच्या निम्म्या भावात कॅसेट आणली आणि ती पानपट्टीवर, किराणा दुकानात, एसटीच्या कँटीनमध्ये सुद्धा ठेवली. जुनी गाजलेली गाणी दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन ते विकत. मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की ठरलेली रॉयल्टी भरून तसं करायची मुभा 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच होती. (2012 च्या दुरुस्तीत ही मुदत पाच वर्षांवर नेली.) जाणकारांना ती गाणी ऐकवत नसत, पण काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरला दहा-पंधरा रुपयांत नवी कोरी कॅसेट मिळू लागल्यावर तो फूटपाथकडे कशाला बघेल? त्या चार-पाच वर्षांत माझा धंदा सगळ्यात चांगला झाला.

आता कुलपाबद्दल. जुन्या कॅसेटच्या पाठीच्या कडेला, दोन टोकांना, प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या टिकल्या असायच्या. टिकली मोडली की त्या बाजूवर रेकॉर्डिंगचं बटण खाली जातच नसे. कंपनीच्या कॅसेटला या टिकल्या मुळातच नसत. कोऱ्या कॅसेटवर नातवाच्या बारशाची गाणी भरली, गावातल्या म्हाताऱ्या गोंधळ्याकडून एखादं आख्यान भरून घेतलं, की लोक ती घेऊन दुकानात यायचे आणि म्हणायचे, "अण्णा, एवढं कुलूप लावून द्या, पोरं पुसून टाकतील." मी बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं टिकली उडवून द्यायचो. पुन्हा काही भरायचं झालं तर भोकावर चिकटपट्टी लावली की झालं. ते कुलूप मालकासाठी होतं आणि उघडायचं की नाही हे मालकाच्या हातात होतं. आज गाण्यांना जी डिजिटल कुलपं असतात ती पैसे मोजणाऱ्याच्याच विरुद्ध लावलेली असतात, आणि किल्ली कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरवर.

या कुलपांचा इतिहास कंपन्यांनीच एकदा शांतपणे वाचावा. 2005 साली सोनी बीएमजीनं अमेरिकेत पन्नासच्या आसपास सीडींमध्ये नक्कल रोखणारा एक प्रोग्राम घातला. सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो विंडोजमध्ये लपून बसायचा, आणि त्याच्या आडोशानं व्हायरसलाही लपता यायचं. बोभाटा झाल्यावर सीडी परत मागवाव्या लागल्या. गंमत अशी की हा त्रास फक्त अस्सल सीडी विकत घेणाऱ्याला झाला. ज्यानं गाणी इंटरनेटवरून चोरली त्याचा कॉम्प्युटर ठणठणीत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पुढे फेब्रुवारी 2007 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनं जाहीर पत्रच लिहिलं. 2006 मध्ये जगभरात कुलूपबंद गाणी दोन अब्जांच्या आत विकली गेली आणि त्याच कंपन्यांनी सीडीवर वीस अब्जांहून जास्त गाणी कुलपाशिवाय विकली. मग कुलपानं नेमकं राखलं काय, असा त्याचा सवाल होता. 2009 मध्ये ॲपलच्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं निघाली. मधल्या काळात, 2008 साली, मायक्रोसॉफ्टनं एमएसएन म्युझिक या आपल्या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानाच्या किल्ल्या देणारे सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं होतं. म्हणजे रोख पैसे देऊन घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर वाजणार नव्हती. लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे मुदत वाढली.

आपल्याकडे फ्लिपकार्टनं 2012 मध्ये फ्लाईट नावानं एमपी3 गाणी विकून पाहिली. एकेक गाणं सहा रुपयांपासून, आणि कुलूप नाही. पुढच्याच वर्षी ते दुकान बंद झालं. चोरीचा सुळसुळाट आणि चार-सहा रुपये ऑनलाइन भरायची कटकट ही कारणं त्यांनी दिली. ती खरीच असणार, यूपीआय तेव्हा नव्हतं. पण ज्यांनी तिथून गाणी घेतली त्यांच्याकडे ती अजून वाजत असतील, दुकान बुडालं तरी. उलट माझ्या सुनेनं एका ॲपची वर्गणी भरून शे-दोनशे गाणी 'डाउनलोड' केली होती, त्यात तिच्या आजोळची जात्यावरची गाणीही होती. ॲप बंद झालं आणि सगळं गेलं. ती मला म्हणाली, "मामा, डाउनलोडचं बटण होतं, खालचा हिरवा बाण पण आला होता." तिला काय सांगणार? पैसे देऊन तिनं भाड्यानं घर घेतलं होतं आणि पाटीवर मात्र 'विक्री' लिहिलेलं.

मला भाड्याबद्दल तक्रार नाही. महिन्याला थोडक्या पैशांत जगातली गाणी ऐकायला मिळतात, यात वाईट काय? फूटपाथवाल्याचा धंदा जसा स्वस्त कॅसेटनं बसला, तसाच नंतर आलेल्या 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' या पाट्यांचा बसला तो या स्वस्ताईनं, आणि मुलाच्या दुकानात आता असलं गिऱ्हाईक येत नाही. तक्रार आहे ती भाडं घेऊन विक्री भासवण्याची.

कायदा काय म्हणतो हे लोकांना कुणी सांगत नाही, कारण सांगण्यात कुणाचा फायदा नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार खाजगी वापरासाठी, अभ्यासासाठी रास्त प्रमाणात नक्कल करणं हा भंग होत नाही. 2012 मध्ये कलम 65अ आलं. डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. पण त्यातही शब्द स्पष्ट आहेत: हक्क बुडवण्याच्या इराद्यानं तोडलं तर. अमेरिकेपेक्षा आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे असं माझं मत आहे. स्वतःच्या पैशानं घेतलेली सीडी स्वतःच्या पेन ड्राइव्हवर उतरवून ट्रॅक्टरवर ऐकणारा शेतकरी आणि त्या सीडीच्या हजार प्रती काढून बाजारात विकणारा, यांत कायदा फरक करतो. कुलपाला तो करता येत नाही.

आपल्या मातीला तर हा फरक कायद्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. तुकोबांचे अभंग त्यांच्या हयातीतच लोक पाठ करत होते, कीर्तनात म्हणत होते, वहीत उतरवत होते. त्याबद्दल महाराज कुणावर रागावल्याचं ऐकलं नाही. उलट चाकणच्या संताजी जगनाड्यांनी उतरवून ठेवलेल्या वह्या मागे राहिल्या म्हणून आपल्याला गाथा मिळाली असं वारकरी सांगतात. महाराज रागावले ते सालोमालोवर. त्यानं अभंग तुकोबांचे घेतले आणि 'तुका म्हणे'च्या जागी स्वतःचं नाव घातलं. त्यावर त्यांनी चांगला कोरडा ओढणारा अभंग केलेला आहे, गाथेत बघावा. वामनदादा कर्डकांची भीमगीतं अशीच गावोगावच्या गायन पार्ट्यांनी एकमेकांच्या वह्यांतून उतरवून घेतली. शेवटच्या कडव्यातलं 'वामन' गाळून गाणारा मात्र जाणत्यांच्या नजरेतून उतरायचा. नक्कल चालायची, नाव खाल्लेलं चालायचं नाही.

आता कुणी विचारेल, नाव राखून पोट भरतं का? नाही भरत. वामनदादांचं भरलं नाही. हाच माझा पुढचा मुद्दा आहे. चोरीमुळे कलावंत उपाशी मरतो असं कंपन्या सांगतात तेव्हा मला माझ्या काउंटरवर बसलेले लोककलावंत आठवतात. एक भारूड गाणारे गृहस्थ पंढरपूरच्या बाजूनं यायचे. त्यांच्या कॅसेटच्या किती प्रती माझ्याच हातून गेल्या असतील! आषाढीच्या आधी मराठवाड्यातल्या दिंड्या इकडून जायच्या तेव्हा खोकीच्या खोकी संपायची. त्यांना कंपनीनं एकदाच काय ते पाकीट दिलं होतं आणि एका कागदावर सही घेतली होती. तो कागद इंग्रजीत होता. "माझीच कॅसेट मला तुमच्याकडून विकत घ्यावी लागते बघा," असं हसत म्हणायचे आणि खरंच पैसे काढून ठेवायचे. फूटपाथवाल्यानं त्यांचं काही चोरलं नाही, कारण चोरण्यासारखं त्यांच्याकडे कंपनीनं काही ठेवलंच नव्हतं.

हे फक्त खेड्यातल्या माणसाचं नाही. रॉयल्टीवरून लताबाई आणि रफीसाहेब यांचं साठच्या दशकात बिनसलं आणि काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे असं लताबाईंचं म्हणणं होतं. रफीसाहेबांना ते पटत नव्हतं. त्या वेळी लोकांना बाईच हट्टी वाटल्या. पण 2012 ची दुरुस्ती आली तेव्हा कायदा त्यांच्याच दिशेनं आला. गीतकार आणि संगीतकार यांना आपला रॉयल्टीचा हक्क आता कंपनीला लिहून देताच येत नाही. द्यायचा तर वारसांना किंवा त्यांच्याच संस्थेला. गायकालाही व्यापारी वापरात वाटा आहे. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी बरीच झुंज दिली. ज्यांना चोरी थांबवायची कळकळ आहे त्यांनी हे कलम गावोगावच्या कलापथकांपर्यंत मराठीत पोचवावं. सह्या अजूनही इंग्रजी कागदांवरच होत आहेत.

आणि आता चोरी पकडायला यंत्रं बसवली आहेत, त्यांचा अनुभव सांगतो. आमच्या भजनी मंडळानं एकादशीला म्हटलेला तुकोबांचा एक अभंग पुतण्यानं मोबाईलवर टिपून एका मोठ्या संकेतस्थळावर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याला सूचना आली की या गाण्यावर अमुक कंपनीचा हक्क आहे आणि इथून पुढे जाहिरातीचे पैसे त्यांना जातील. पैसे कसले, बघणारे सगळे मंडळातल्याच लोकांचे जावई आणि लेकी! पण आमचे पखवाजवाले बुवा पेटले. "माझ्या बापानं ही चाल त्याच्या बापाकडून घेतली, कंपनी तेव्हा कुठं होती?" मी आधी शहानिशा केली. श्रीनिवास खळ्यांनी तुकोबांच्या अभंगांना दिलेल्या चालींपैकी ही असती तर गोष्ट वेगळी होती. शब्द तुकोबांचे असले तरी चाल खळ्यांची, आणि 2011 साली ते गेले, म्हणजे हक्क पुढची साठ वर्षं, 2071 पर्यंत राहणार. तिथे कंपनीनं विचारलं तर उत्तर द्यायला आपण बांधील आहोत. पण आमची चाल परंपरेची होती, फडावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. यंत्रानं फक्त सूर जुळवून पाहिले. ती चाल कंपनीच्या गायकानं कुठून घेतली हे यंत्राला कसं कळणार? पुतण्यानं हरकत नोंदवली, तर ती तपासायला गेली त्याच कंपनीकडे. फिर्यादीच न्यायाधीश! पुढे हक्क सोडल्याचं कळवलं त्यांनी, पण चूक झाली असा एक शब्द नाही.

खोटी धमकी देणाऱ्याविरुद्ध आपल्या कायद्यात कलम 60 आहे, नुकसानभरपाईसुद्धा मागता येते. पण एका अभंगापायी बार्शीचा भजनी कोर्टाची पायरी चढेल का? म्हणून माझं म्हणणं असं की, जी कंपनी पारंपरिक चालींवर वारंवार खोटा हक्क सांगेल तिची हक्क सांगायची सोयच काही काळ बंद करावी. चुकीचा माल पुन्हा पुन्हा दिला तर आम्ही दुकानदार वितरकाचं खातं बंद करायचो, तेवढंच.

दुसरं, जे मोकळं झालं आहे ते मोकळं आहे असं कुणीतरी जाहीर करावं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ती प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे 1960 पर्यंतच्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा मोजायचा, रचणाऱ्याच्या मृत्यूपासून. बालगंधर्वांची 'स्वयंवर'मधली पदं घ्या. नाटक 1916 चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते 1922 साली गेले. शब्द खाडिलकरांचे, ते 1948 साली, म्हणजे 2008 अखेर तेही सुटले. त्या जुन्या तबकड्यांवर आज कुणाचाही हक्क उरलेला नाही. त्या आजवर जपल्या त्या हौशी संग्राहकांनी, एकमेकांकडून स्पूलवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर उतरवून घेत. कुठलंही कुलूप असतं तर ही साखळी पहिल्याच कडीला तुटली असती. तरुण मुलं हे गाणं नेटवर टाकायला बिचकतात. त्यांना निदान एक मराठी यादी मिळावी, सरकारनं करावी नाहीतर विद्यापीठानं.

राहिला माझा स्वतःचा प्रश्न, आणि हे पत्र लिहायचं खरं निमित्त तेच आहे. दुकान आवरताना न खपलेल्या कॅसेटची काही खोकी मी माळ्यावर ठेवली. त्यांत गोंधळी, वाघ्या-मुरळी, भारूड, कलापथकं यांच्या कॅसेट आहेत. सोलापूर, लातूर, धाराशिव भागातल्या छोट्या कंपन्यांनी त्या काढल्या होत्या. काहींचा पत्ता म्हणजे एखाद्या लॉजची खोली. त्या कंपन्या कधीच बंद पडल्या, मालकांचा ठावठिकाणा नाही. मूळ फिती बहुधा त्यांच्याकडेही नसतील. माझ्याकडच्या फितींना आता बुरशी धरू लागली आहे. मुलगा म्हणतो की सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवू आणि लोकांना ऐकायला ठेवू. घरात उतरवून ठेवायला हरकत नाही. लोकांपुढे ठेवायचं तर मालकाची परवानगी हवी, आणि मालक सापडत नसेल तर कलम 31अ खाली परवाना मिळू शकतो. पण अर्ज करण्याआधी देशभर खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. भूम-परंड्याच्या वाघ्याचा वारस इंग्रजी दैनिकात ती जाहिरात वाचेल अशी कायदा करणाऱ्यांची समजूत असावी. त्या जाहिरातीचा दर मी काढला आणि गप्प बसलो.

म्हणून ही विनंती आपल्या दैनिकातून करतो. 1985 ते 2000 या काळात आमच्या भागात लोकगीतांच्या कॅसेट काढणाऱ्यांपैकी कुणी, किंवा त्या गायकांची मुलं-नातवंडं हे वाचत असतील तर त्यांनी संपादकांमार्फत मला कळवावं. गायकांनी आणि वारसांनी 'हो' म्हटलं तर त्यांच्या नावासकट गाणी ठेवू. 'नाही' म्हटलं तर कॅसेट त्यांच्या हवाली करू, टपालखर्च माझा. पावसाळ्याआधी कळवलं तर बरं, माळा गळतो.

आपला,
एक जुना कॅसेटविक्रेता
बार्शी, जि. सोलापूर
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)